केलेराच्या टोपलीची दोरी

केलेराने कमरेला टोपली बांधायला घेतली आणि दोरी पुरेना.

जाळ्याबरोबर पाण्यात उतरताना बायका कमरेला बांधतात ती टोपली. केलेराच्या आईने ती लग्नात स्वतः विणून दिली होती आणि काथ्याची दोरीही लेकीच्या कमरेच्या मापाने वळली होती. पोटची विका व्हायच्या आधी कमरेभोवती फिरून वर ठसठशीत गाठ मारण्याइतकी दोरी उरायची. आता दोन्ही टोकं एकमेकांकडे लांबूनच बघत होती. केलेराने पोट आत ओढलं, टोकं जेमतेम टेकली. श्वास सोडला, पुन्हा दूर गेली. शेवटी तिने टोपली खांद्याला अडकवली आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून दाराकडे वळून बघितलं. दारात विका उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं, पण दोन वर्षांच्या पोरीकडून काय बोभाटा होणार!

गावाची रीत अशी की पोर अंगावर पितं आहे तोवर आईने जाळ्याबरोबर जायचं नाही. दूध गार पडतं आणि पोराला बाधतं. म्हणजे विका झाल्यापासून केलेरा किनाऱ्यावर. ओहोटी लागली की बाकीच्या बायका लांबलचक जाळं खांद्यांवर घेऊन प्रवाळाच्या खडकांकडे निघायच्या आणि ही पोर मांडीवर घेऊन बघत बसायची. त्याआधी केलेरा जाळ्याच्या तोंडाशी उभी राहायची. ही जागा सोम्यागोम्याला मिळत नाही. बाकीच्या बायका पाणी बडवत मासे हाकतात. तोंडाशी उभी असलेली बाई पाण्याखाली पायाने जाळं दाबून धरते आणि नेमक्या क्षणी हाक देते. हाक लवकर गेली तर मासे वळतात, उशिरा गेली तर वरून उडून पसार होतात. केलेराला हे न शिकवता येत होतं. मुलीवर तिचा जीव होता यात शंका नको. पण कमरेएवढ्या पाण्यात उभं राहावं आणि गावातल्या साऱ्या बायकांनी आपल्या हाकेची वाट बघावी, हे सुखही तिला हवं होतं. त्यात काही पाप आहे असं मला तरी वाटत नाही.

म्हणून विकाचं दूध तोडायचं ठरलं तेव्हा केलेरा मनातून हरखलीच होती. असं करताना पोराला काही दिवस आजोळी ठेवतात, म्हणजे आईही दिसत नाही आणि आईचा वासही येत नाही. पण केलेराचं माहेर दुसऱ्या बेटावर, आणि बोट येईल तेव्हा खरी. मग पोर कोण सांभाळणार? उलामिला म्हणाली, मी.

उलामिला ही नवऱ्याची धाकटी बहीण. गावातच दिलेली, घर चर्चच्या पलीकडे. या बेटांवर नणंद-भावजयीचं नातं चेष्टेचं. एकीने दुसरीला वाटेल ते बोलावं, आणि दुसरीने राग धरला तर तीच अडाणी ठरते. उलामिला त्यात पटाईत होती. तिला मूल नव्हतं. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. दोन्ही वेळा रीतीप्रमाणे तिने लगेच गावाला सांगितलं होतं आणि त्यामुळे दोन्ही वेळा सगळं गाव चटया घेऊन हळहळायला तिच्या दारात येऊन बसलं होतं. त्यानंतर ती जरा जास्तच चेष्टा करायला लागली.

विकाला तिने खाकोटीला मारून नेलं तेव्हा केलेराला वाटलं, सुटले. मग छातीचे दगड झाले. हात उचलवेना, ताप भरला. सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, बारतोंडीची पानं चुलीवर गरम करून छातीवर ठेवली आणि वरून जुनं कापड करकचून बांधलं. दिवस कलला की चर्चच्या पलीकडून विकाचं रडणं ऐकू यायचं आणि ते कापड भिजून जायचं. सकाळी उलामिला हजर.

"वहिनी, पोरगी जेवली, झोपली आणि तुला विसरली. मला आई म्हणते आता."

तिच्या गालावर नखांचे ओरखडे असायचे आणि डोळे जागरणाने सुजलेले. केलेराला सगळं दिसत होतं. दोघीही हसायच्या.

विका घरी आली तेव्हा सवयीने आईच्या गळ्यातून हात आत घालून तिने चाचपून बघितलं. मग "संपलं" म्हणाली आणि कोंबडीमागे पळाली. केलेरा घराच्या मागे जाऊन हमसून हमसून रडली. कशाला, ते तिलाच सांगता आलं नसतं.

त्यानंतर तिचं अंग तिला ओळखेना. भरलेली छाती दोन महिन्यांत अशी उतरली की उलटून ठेवलेले खिसेच. केस फणीत गुच्छाने यायला लागले. भूक मात्र दोघींची होती तशीच राहिली. दूध बंद झालं हे पोटाला कुणी सांगितलंच नाही, त्यामुळे नारळाच्या रसातला कसावा आणि अळूची भाजी पूर्वीसारखीच जायची आणि जाऊन पोटावरच बसायची. पाळी विका झाल्यापासून आली नव्हती, ती अजूनही आली नव्हती. तिने एकदा नवऱ्याला, इसिकेलीला विचारलं, मी कशी दिसते रे. तो सुरण सोलत होता. मान वर न करता म्हणाला, आहेस तशीच. जगातल्या सगळ्या नवऱ्यांना हे एकच उत्तर पाठ असतं.

तर अशी ती, खांद्याला टोपली अडकवून, इतक्या दिवसांनी जाळ्याबरोबर निघाली. दिवस महत्त्वाचा होता. आठवड्याभरात आसपासच्या गावांतल्या चर्चच्या बायकांचा मेळावा गावात भरणार होता. पाहुण्यांच्या पानात मासा हवाच. तो नसला तर पुढची दहा वर्षं ते गाव तोंड वर करून कुठे जात नाही.

पाणी कमरेला लागलं आणि केलेराला बरं वाटलं. पाण्यात पोट दिसत नाही, छाती दिसत नाही. पाय आपोआप जाळ्यावर गेले. बायकांनी पाणी बडवलं, तिने वाट पाहिली, हाक दिली, जाळं उचललं. आत शेवाळ, एक मेलेला खेकडा आणि लहान पोरांनाही पुरणार नाहीत इतके मासे. पुन्हा टाकलं. पुन्हा तेच.

परतताना ओढ्याच्या गोड्या पाण्यात सगळ्या अंग धुवायला बसल्या. केलेराचं कमरेला गुंडाळलेलं ओलं सुलू पोटाला चिकटलं होतं. उलामिलाने ते बघितलं आणि तिची जीभ वळवळली.

"वहिनी, पोरीचं दूध तोडलंस म्हणून ती परत आत शिरली की काय?"

बायका खदखदून हसल्या. केलेराही हसली आणि तिने नणंदेच्या तोंडावर पाणी उडवलं. पण एकेकीचं हसणं मध्येच थांबलं. सगळ्यांना एकच गोष्ट आठवली होती.

गोष्ट अशी, की पोटात असेल तर बाईने सांगावं. न सांगता ती जाळ्यात उभी राहिली तर मासे येत नाहीत. हे तिथे कुणी कुणाला शिकवत नाही, भरती-ओहोटीसारखं माहीत असतं. जाळं रिकामं आलं की बायका आधी आभाळाकडे बघतात, मग एकमेकींच्या पोटांकडे.

पुढच्या ओहोटीच्या खेपेलाही जाळं रिकामं आलं. मग काय विचारता! तोंडावर कुणी बोललं नाही. पण केलेरा कच्चा आंबा खात होती हे एकीला आठवलं. प्रवचनात पेंगत होती हे दुसरीला आठवलं, जसं काही बाकीचं गाव तेव्हा टक्क जागं असतं. पोट पुढे आलंय, छाती उतरलीय, केस गळतायत. आणि एवढ्यात दूध का तोडलं, हाही प्रश्न होताच. केलेरा नळावर गेली की बोलणं थांबायचं.

तिची पंचाईत अशी की नाही म्हणायलाही तिच्याकडे आधार नव्हता. नवरा घरात होता, पाळीचा पत्ता नव्हता. असेलही. खाडीपलीकडच्या दवाखान्यातली नर्सबाई असती तर एका दिवसात उलगडा झाला असता, पण ती राजधानीत, सुवाला गेली होती आणि मेळावा झाल्यावर येणार होती. केलेरा एकटी असली की पोटावर हात ठेवून बसायची. हे मऊ पोट तिला काहीच सांगत नव्हतं. तिला त्याचा राग यायचा. आधी याने माझी दोरी तोकडी केली, आता माझी जागाही घालवतंय.

आत्यांनी तिला चुलीच्या खोपटात गाठलं. आत्या जाळ्यावरच्या सगळ्यात थोरल्या. जाळं कधी टाकायचं, कुणी कुठे उभं राहायचं, हे त्यांनी ठरवायचं. त्या खाली बसून नारळ खवायला लागल्या आणि खवता खवता म्हणाल्या,

"पोटात आहे का, केलेरा?"

"माहीत नाही, आत्या."

"पाळी?"

"विका झाल्यापासून नाहीच."

आत्यांनी अर्धी कवड खवून संपवली. "बायका काय म्हणतात ते तू ऐकलंच असशील. उद्याची ओहोटी ही शेवटची. परवा पाहुण्या येतील. त्यांच्या पानात नुसता कसावा वाढायचा की काय, एवढंच मला बघायचंय."

सासूसमोर सून जास्त बोलत नाही, त्यामुळे केलेरा गप्प राहिली. पण तिच्या डोक्यात सगळं स्पष्ट होतं. आपण नाही म्हणून पाण्यात उतरलो, तर प्रत्येक बाईचं अर्धं लक्ष आपल्या पोटावर असणार. अर्ध्या मनाने पाणी बडवलं तर मासा कसा येईल? आणि पुन्हा जाळं रिकामं आलं तर गावाची जी लाज जाईल ती आपल्या नावावर. हो म्हटलं तर पुन्हा किनारा. आणखी किती दिवस, देव जाणे. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की मी जाळ्याच्या तोंडाशी उभी राहते, तिथे मी मी असते, बाकी सगळं अंग तुम्हीच घ्या.

"आहे म्हणून सांगा. मी उतरत नाही," ती म्हणाली.

"आहे, की आहे म्हणून सांगू?"

"आहे."

आत्या नारळाचा चव गोळा करून उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी केलेरा विकाला घेऊन किनाऱ्यावर बसली. जाळं लांब पाण्यात अर्धवर्तुळात पसरलं. तोंडाशी दुसरीच कुणी उभी होती आणि ती फार पुढे उभी होती, हे केलेराला इथूनही कळत होतं. तेवढ्यात रांगेतून उलामिला निघाली. पाणी कापत आपल्या आईपाशी गेली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन उभी राहिली. आत्यांनी तिच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ ठेवला. मग उलामिला एकटीच लंगडत बाहेर आली. पायाला खडक लागला म्हणाली. विकाला मांडीवर ओढून घेतलं आणि बसली. एक शब्द नाही, एक टोमणा नाही. केलेराला वाटलं, पाय फारच कापला असावा.

मग पाण्यातून आरोळी आली. जाळं इतकं जड झालं होतं की ओढायला किनाऱ्यावरच्या पुरुषांनाही धावावं लागलं. बोयटं, बांगडे आणि ज्यांचं नाव घ्यायलाही वेळ नव्हता अशी रंगीत मासळी. वाळू चमचम करत होती. बायका निथळत्या अंगाने केलेराकडे आल्या आणि पहिला मोठा मासा तिच्या ओटीत घातला. बोललीस ते बरं केलंस, म्हणाल्या. एकीने तर डोळे पुसले. केलेराला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. उलामिला वाळूत बोटाने रेघा काढत होती.

संध्याकाळी पुरुषांच्या बैठकीत, वाडग्यातून यंगोनाच्या मुळांचं पेय पिता पिता, इसिकेलीला ही बातमी मिळाली. तो घरी आला तो फुलून.

"मला सांगायचं नाही होय? मला वाडग्याभोवतीच्या लोकांकडून कळायचं?"

केलेराने त्याला खाली बसवून खरं ते सांगितलं. मलाच माहीत नाही, मी आपलं मासे यावेत म्हणून म्हटलं.

"पण मासे तर आले," तो म्हणाला. "तुला माहीत नसेल, माशांना माहीत असेल." आणि समाधानाने आडवा झाला.

मेळावा झाला. पाहुण्या पोटभर जेवल्या, तोंडभर कौतुक करून गेल्या. त्यानंतरच्या सकाळी ओढ्यावर अंघोळ करताना केलेराला मांडीवर लाल दिसलं. ती पाण्यात बसलीच. इतके दिवस जे अंग परक्याचं वाटत होतं ते आपल्या घरी परत आलं होतं, आपल्या पायांनी, न बोलावता. तिला इतका आनंद झाला की तिने ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि देवाचे मोठ्याने आभार मानले. पोटाचेही मानले. बिचाऱ्यावर उगाच डाफरत होते, असं वाटलं.

मग तिला धस्स झालं. पोटात नव्हतं तर मग मासे का आले? आणि नव्हतं तर गावाला आपण खोटं सांगितलं. ती ओल्या केसांनीच आत्यांकडे गेली आणि खाली मान घालून म्हणाली,

"आत्या, माझ्या पोटात काही नाही. आज आलं."

आत्या चटईसाठी केवड्याची पाती सोलत होत्या. "मला माहीत आहे."

"कसं?"

"त्या दिवशी पाण्यातून लंगडत कोण गेलं ते बघितलं नाहीस?"

केलेराला उभ्या जागी सगळं कळलं. कानाशी नेलेलं तोंड, डोक्यावरचा हात, आणि पायाला तर जखमच नव्हती.

"तू हो म्हणालीस ना, ते तिला झोंबलं," आत्या म्हणाल्या. "पाण्यात येऊन मला म्हणाली, आई, वहिनी माझ्याऐवजी किनाऱ्यावर बसलीय." त्यांनी पात बाजूला ठेवली. "गावाला सांगायला घाबरते ती. दोन्ही वेळा सांगितलं आणि दोन्ही वेळा रिकामी झाली. मला सांगितलं म्हणजे जाळ्याला सांगितलं, तेवढं पुरे आहे. पण ती जाळ्यात नाही आणि तू परत उभी, असं दिसलं तर बायका दुपारपर्यंत दोन आणि दोन चार करतील. मी तुझ्याकडे काही मागत नाही, केलेरा. तुझ्याविना हाक चुकते हे मी त्या दिवशी बघितलं. तुझी जागा तुझी आहे."

केलेरा उंबऱ्यापाशी उभी राहिली. बाहेर ओहोटी लागायला आली होती आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या अंगाची काही अडचण नव्हती. आज ती पाण्यात उतरू शकत होती. तिला तसं फार फार वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. मग तिला उलामिलाच्या गालावरचे ओरखडे आठवले. स्वतःची कूस दोनदा रिकामी झालेली बाई दुसरीचं रडतं पोर छातीशी धरून किनाऱ्याने फिरत होती, आणि ते पोर तिच्या छातीशी जे शोधत होतं ते तिच्याकडे नव्हतं. सकाळी येऊन ती वर हसवून जात होती.

"पोट अजून तसंच आहे, आत्या," ती म्हणाली. "चालेल आणखी काही दिवस."

आत्यांनी मान हलवली आणि तोंड फिरवून घेतलं. सुनेसमोर सासू रडत नाही.

मग मजेचे दिवस सुरू झाले. पोटुशीला खाऊ घालायचं म्हणून गावातल्या बायका केलेराकडे भाजलेला नीरफणस, माशाचं कालवण, कोवळे नारळ आणत. केलेरा तोंडभर हसून घेई आणि त्या गेल्या की सगळं उलामिलापुढे ठेवी. उलामिला वहिनीच्या दिमतीला म्हणून दिवसभर तिथेच. जड उचलायचं काम कुणी सांगितलं तर केलेरा म्हणे, ते असू दे, मला तिची गरज आहे. आणि लोकांसमोर जाताना केलेरा, जिने महिनोन्महिने पोट आत ओढून ओढून स्वतःचा जीव नकोसा केला होता, ती आता पोट खुशाल पुढे काढून चालायची. आयुष्यात इतकं निवांत ती कधी चालली नव्हती.

एका दुपारी दोघी चटईवर पडल्या होत्या. विका मध्ये झोपलेली. उलामिलाने विचारलं,

"दूध तोडताना फार दुखलं का ग?"

"दुखलं. आणि मग सगळं उतरलं. बघ ना कशी झाले. पिशव्या नुसत्या."

उलामिला छपराकडे बघत होती. "मला तसंच व्हायचंय, वहिनी. हे पोट, त्या पिशव्या, गळके केस. सगळं हवंय मला. तुझ्याकडे बघते तेव्हा मी तेच मागत असते. तू आपली दोरी पुरत नाही म्हणून रडतेस."

"तुला काय माहीत दोरीचं?"

"विकाने सांगितलं. टोपली बांधून दाखवली. पोटसुद्धा आत ओढलं."

केलेराला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. या अंगाकडे तिने असं कधी बघितलंच नव्हतं. ते मोडलं नव्हतं, त्याने एक पोर वाढवून हातावेगळी केली होती. तिला त्याबद्दल कुणाचे तरी पाय धरावेसे वाटले. जवळ उलामिलाच होती. तिने नणंदेचा हात धरला.

"वन्सं, तुझं दूध तोडायची वेळ आली की पोर माझ्याकडे आण. किती का ओरडेना. मी सकाळी येऊन सांगेन, जेवलं, झोपलं आणि तुला विसरलं."

उलामिलाने तो हात आपल्या पोटाशी ओढून घेतला आणि तिथेच ठेवला. तिचं पोट टणक होतं.

दिवस गेले. ज्या महिन्यात दोन्ही वेळा घात झाला होता तो महिना टळला, पुढचाही टळला. मग लपवण्यासारखं काही उरलंच नाही. एका ओहोटीच्या आधी सगळ्या बायका जाळ्याभोवती जमल्या असताना आत्यांनी सांगून टाकलं. पोटात होतं ते उलामिलाच्या. केलेरा तिच्याऐवजी बसली होती.

सगळ्यांची नजर केलेराच्या पोटावर गेली. शेवटी एका म्हातारीने विचारलं,

"मग इतके दिवस तुझ्या पोटात काय होतं ग?"

"तुम्ही आणून दिलेला नीरफणस," केलेरा म्हणाली. अर्धा तरी तिनेही खाल्लाच होता.

असा हशा पिकला की किनाऱ्यावरच्या शेडमधले पुरुष बाहेर येऊन बघायला लागले. म्हातारी वाळूत बसूनच हसत होती. हसणं ओसरल्यावर ती उठली, बेटावरच्या मायेच्या रीतीने केलेराच्या गालाला नाक लावून तिने दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, जा, जागा तुझी आहे.

आत्यांनी केलेराची टोपली पुढे केली. जुन्या दोरीला त्यांनी नव्या काथ्याचा वीतभर तुकडा जोडून वळला होता. जोड लपवलेला नव्हता. जुनी दोरी समुद्राने काळी पडलेली, नवी पिवळीधमक. केलेराने आत्यांच्या कमरेकडे बघितलं. त्यांच्या दोरीतही असे जोड होते, सगळे आता एकाच रंगाचे झालेले. बाकीच्यांच्याही होते. इतकी वर्षं त्यांच्यात उभी राहून तिने ते कधी पाहिले नव्हते. तिने दोरी कमरेभोवती फिरवली. श्वास आत ओढायची गरज पडली नाही. गाठ बसली आणि टोकंही उरली.

पाणी पायाला लागलं, गुडघ्याला लागलं. किनाऱ्यावर उलामिला विकाला कडेवर घेऊन उभी होती, पोट लपवण्याचा जराही प्रयत्न न करता. तिला इतके महिने गप्प बसावं लागलं होतं, त्याची भरपाई ती करणारच होती.

"वहिनी, जपून. तुझ्यामुळे भरती आली तर जाळं वाहून जाईल."

"वन्सं, तू तुझं सांभाळ," केलेरा ओरडली. "आज आम्हाला तू किनाऱ्यावरच हवी आहेस."

विका दोन्ही हात हलवत होती. बायका पसरल्या आणि जाळं पाण्यात गेलं. केलेरा तोंडाशी जाऊन उभी राहिली. पायाने तिने जाळं दाबलं. पाणी तिच्या मऊ पोटाला, सैल छातीला, दोरीच्या नव्या जोडाला सारखंच लागत होतं. आत्या पलीकडच्या टोकाला होत्या. तिने त्यांच्याकडे बघितलं, किनाऱ्याकडे बघितलं आणि मनातल्या मनात दोघींचे आभार मानले, आणि या अंगाचेही. मग पाण्याखाली चंदेरी सावली वळली, आणि तिने हाक दिली.